सिगार आणि शाळा
आज म्हापशाला मावशीकडे गेलेले, मावसभाऊ बोटीवर असतो तो सुट्टीवर आलाय, त्याने अमेरिकेतून आणलेला सिगारचा पॅक दाखवला, 'टोस्ट अक्रॉस अमेरिका' नावाची लिमिटेड एडिशन. फुएन्ते आणि न्यूमन ही सिगारवाली दोन घराणी मिळून काढतात, आणि पैसा जातो त्यांनी २००१ ला सुरू केलेल्या फाउंडेशनला. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बोनाओ गावाजवळ त्यांची शाळा आहे, म्हणजे जिथे तंबाखू पिकतो तिथल्याच गरीब पोरांसाठी!! हे मला मनापासून आवडलं.

पण आमचे काका घशाच्या कॅन्सरने गेले, त्यामुळे तंबाखू म्हटलं की पोटात गोळा येतोच. गोव्यात सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आहे, १९९७ चा कायदा, तो मला हवाच आहे. मावशी म्हणाली, मग शाळेला सरळ पैसे पाठवा की. बरोबर बोलली. तरी शाळा उभी राहिली हे खरंच ना?

मला वाटतं आपल्या फेणीवाल्यांनी असं करावं, काजूच्या फेणीला २००९ पासून जीआय टॅग (म्हणजे ती गोव्याचीच, अशी सरकारी ओळख) आहे, वर्षाला एक खास बाटली काढा आणि सत्तरी तालुक्यात काजू वेचणाऱ्या बायकांच्या मुलांची फी भरा. कोणी करणार असेल तर मी मदतीला येते, नक्की.