शेंग हलली की बोंडाकडे पाहायचं

मागच्या आषाढात पेपर वाचताना ओळ सुटायला लागली. ओळ संपवून डावीकडे परतलो की डोळा तीच ओळ पुन्हा धरायचा, नाहीतर एक गाळून खाली उतरायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं पोरांना वाचायला शिकवलं, त्यामुळे हे फार लागलं. पुढे हिंगणघाटच्या रस्त्यावर बाजूने आलेली मोटारसायकल अंगावर येईस्तोवर दिसली नाही. घरी येऊन लेकीला फोन लावला. ती नागपूरला फिजिओथेरपिस्ट आहे.

"बाबा, आधी डोळे तपासा. मोतीबिंदू व्यायामानं जात नाही," ती म्हणाली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघालाच. दिवाळीआधी ऑपरेशन झालं, नवा चष्मा आला, डॉक्टरांनी हो म्हटलं आणि मगच नजर हलवण्याचा सराव सुरू केला.

वाचताना डोळा ओळीवरून घसरत जात नाही, उड्या मारतो. सेकंदाला तीन-चार उड्या, मधे पाव सेकंदाचा थांबा. पुढची उडी कुठे मारायची हे मेंदू ठरवतो, म्हणून सराव त्याचाही होतो. खुर्चीत बसायचं, मान हलवायची नाही. समोर दोन वस्तू, नजर इकडून तिकडे. पहिल्या आठवड्यात गरगरलं की तिथंच थांबायचो.

खरी कसोटी नंतरची. बायको समोर बसायची, एका हातात कापसाचं बोंड, दुसऱ्यात तुरीची शेंग. जे हलेल त्याच्या उलट पाहायचं. शेंग हलली की बोंड. सोपं वाटतं, पण हललेल्या वस्तूकडे धावणं हा डोळ्याचा स्वभाव आहे. त्याला आवरायचं काम कपाळामागच्या मेंदूचं, आणि वय झालं की तिथंच उशीर लागतो. "पाह्यलं, पाह्यलं! पुन्हा शेंगेकडेच गेला डोळा," ती ओरडायची. पहिल्या दिवशी वीसांपैकी अकरा चुकलो. रोज दहा मिनिटं करून दीड महिन्यात चुका दोन-तीनवर आल्या.

याने विसरभोळेपणा जातो असं मी कुणाला सांगणार नाही. लेकीने अमेरिकेतल्या 'ॲक्टिव्ह' नावाच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. १९९८ साली सुरू झालेल्या त्या अभ्यासात ६५ वर्षांवरचे २,८३२ जण होते. कुणाला स्मरणाचा सराव, कुणाला तर्काचा, कुणाला संगणकावर मधलं आणि कडेचं एकदम झटकन टिपण्याचा. ज्याने जे केलं, त्याचं मुख्यतः तेच सुधारलं. माझंही तसंच. नावं अजून विसरतो. पण ओळ सुटत नाही, आणि रस्ता ओलांडताना कडेची गाडी वेळेत दिसते. यात नव्या चष्म्याचा वाटा किती आणि सरावाचा किती, हे मला वेगळं करता येत नाही.

एकच कळकळीचं सांगणं. एकाएकी एकाचे दोन दिसायला लागले, किंवा तोंड वाकडं झालं, तर व्यायाम करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

बोंड आता वाळलंय, शेंगेतले दाणे वाजतात. संध्याकाळी माझं झालं की बायको खुर्चीत बसते आणि शेंग मी हलवतो.