खारं पाणी आणि पातळ कवच

दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव खारपाणपट्ट्यात येतं. बोअरचं पाणी घरात कोणी पीत नाही. त्यात डाळ शिजत नाही, चहा तर नाहीच. तेच पाणी मी दोन वर्षं माझ्या कोंबड्यांना पाजलं. ही चूक कळायला एक अख्खा मे महिना गेला.

माझ्याकडे पिंजऱ्यातल्या १२०० लेअर, म्हणजे अंड्यांसाठीच्या कोंबड्या आहेत. गेल्या वर्षी पारा ४५च्या वर गेला आणि दुपारी शेडमध्ये उभं राहवेना. सगळ्यांच्या चोची उघड्या, पंख अंगापासून सुटलेले, नुसत्या धापा. कोंबडीला घाम येत नाही, कडक उन्हात मुख्यतः धाप टाकूनच ती अंगातली उष्णता बाहेर काढते. एरवी एका पक्ष्याला दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाद्य लागतं, ते ८०वर आलं. अंडी आधी बारीक झाली, मग कवच इतकं पातळ झालं की ट्रेमध्ये ठेवता ठेवता चीर जायची. रोज चार ट्रे व्यापारी बाजूला काढायचा.

दुकानातून इलेक्ट्रोलाइटच्या, म्हणजे पाण्यात विरघळवायच्या क्षारांच्या पुड्या आणल्या आणि दिवसभर पाण्यात देत राहिले. तिसऱ्या दिवशी विष्ठा पाण्यासारखी झाली. पिंजऱ्याखाली चिखल, त्यावर माश्या. कॅल्शियमसाठी शिंपल्याची ग्रिट, म्हणजे भरडलेले शिंपले वाढवले, तरी कवच तसंच. त्या आठवड्यात ३१ पक्षी गेले. सकाळी मेलेल्या कोंबड्या उचलताना हात जड व्हायचे.

शेवटी अकोल्याहून ओळखीचे पशुवैद्यक आले. ते कोंबड्यांकडे न जाता आधी टाकीपाशी गेले, ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं. "वहिनी, हे पाणी तुमी पेता काय?" मी नाही म्हटलं. "मंग कोंबड्याइनं काहून प्यावं?"

पाण्याचा रिपोर्ट आला. सोडियम आणि क्लोराइड दोन्ही जास्त. पुडीतही मुख्यतः क्षारच, म्हणजे खाऱ्या पाण्यात मी वरून आणखी मीठ घालत होते. डॉक्टरांनी समजावलं ते असं: जोरात धापा टाकल्या की रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो, आणि कवच तर कॅल्शियम कार्बोनेटचं. नुसतं कॅल्शियम कितीही खाऊ घातलं तरी त्याच्या जोडीला लागणारा, त्याच कार्बन डायऑक्साइडपासून बनणारा कार्बोनेट अंगात कमी पडतो. त्यात खारं पाणी स्वतःच कवच बिघडवतं. म्हणजे माझ्या कोंबड्यांवर दोन्हीकडून मार बसत होता.

पुड्या त्याच दिवशी बंद केल्या. पिण्यासाठी नळयोजनेचं पाणी वेगळ्या टाकीत साठवू लागलो. नळ एक दिवसाआड येतो, म्हणून टाकी मोठी घ्यावी लागली. टाकीवर ओली पोती, उघड्यावरचा पाइप मातीखाली. खाद्यातलं मीठ कमी करून त्याची काही जागा खायच्या सोड्याला दिली. सोड्यातून बायकार्बोनेट मिळतं आणि क्लोराइड येत नाही. प्रमाण मुद्दाम लिहीत नाही, ते आमच्या पाण्याच्या रिपोर्टवरून काढलेलं आहे, तुमच्या बोअरला चालणार नाही.

खाद्याची वेळ बदलली, हा बदल मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पहाटे पाचला एकदा, मग दहानंतर खाद्य बंद, आणि ऊन उतरल्यावर पुन्हा. खाद्य पचताना अंगात उष्णता तयार होते, ती भर दुपारी नको. जाड ग्रिट संध्याकाळच्या खाद्यात. कवचाचं बरंचसं काम रात्री चालतं आणि जाड खडा पोटात हळूहळू विरघळतो, त्यामुळे रात्रभर कॅल्शियम मिळत राहतं.

जस्त, मँगनीज, सेलेनियम असलेलं मिनरल मिक्श्चर आणि क जीवनसत्त्व यंदा मार्चअखेरपासूनच सुरू केलं, ऊन तापायच्या आधी. कवच तयार करणाऱ्या एका एन्झाइमला जस्त लागतं, आणि उन्हाळ्यात ते विष्ठेतून जास्त निघून जातं. सेलेनियम मात्र जास्त झालं तर विषारी, म्हणून पिशवीवर लिहिलंय त्याच्या वर चमचाभरही नाही.

यंदाच्या मेमध्ये बाजूला पडणाऱ्या अंड्यांचा दिवसाला एक ट्रेही भरला नाही. सगळ्या उन्हाळ्यात सहा पक्षी गेले, त्यातले चार एकाच दिवशी, वीज गेली आणि पंखे बंद पडले तेव्हा. आता इन्व्हर्टरसाठी पैसे जमवतेय.