डॉट सीए आणि वर्क परमिट

कॅनडात येऊन सहा-सात महिने झाल्यावर मी स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ करायला बसलो, तेव्हा नावाच्या शेवटी डॉट सीए हे कॅनडाचे डोमेन असावे एवढीच हौस होती. नाव मोकळे होते, वर्षाचे भाडे माफक होते आणि कार्डाचा क्रमांकही टाकून झाला होता. तेवढ्यात पडद्यावर एक यादी उघडली आणि अर्जदाराचा कायदेशीर प्रकार विचारू लागली. नागरिक, कायम रहिवासी, कंपनी, ट्रस्ट, भागीदारी, कामगार संघटना, ग्रंथालय, रुग्णालय, राजकीय पक्ष, इतकेच काय, खुद्द राजसिंहासनासाठीही त्यात एक ओळ होती; वर्क परमिटवर आलेल्या माणसासाठी मात्र नव्हती.

आपल्याकडचे डॉट इन जगातील कोणीही घेऊ शकतो, त्यामुळे देशाचे डोमेन घेताना कोणी आपली कुंडली मागेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. डॉट सीएचा कारभार सन 2000 पासून 'सिरा' ही संस्था पाहते आणि कॅनडाशी ठरावीक स्वरूपाचा संबंध असल्याखेरीज ती नाव देत नाही. गंमत अशी की, नोंदणीच्या वेळी मला कोणताही कागद मागितला जात नव्हता. "कायम रहिवासी निवड आणि मोकळा हो," असा सल्ला एका मित्राने दिलाही. परंतु संस्था पुढे केव्हाही पुरावा मागू शकते आणि तो देता आला नाही तर नाव काढून घेऊ शकते. शिवाय कायम रहिवासाचा अर्ज करण्याच्या तयारीत असलेल्या माणसाने आपण आधीच कायम रहिवासी असल्याचे कुठेही लिहून ठेवावे, हे मला मुळीच शहाणपणाचे वाटले नाही.

आडवाटा आहेत. इथल्या कायद्याखाली कंपनी स्थापन केली तर ती कंपनी पात्र ठरते. एकट्याच्या मालकीचा व्यवसाय नोंदवून मात्र भागत नाही, कारण तिथे मालकाचीच पात्रता पाहिली जाते. एका नावासाठी कंपनी काढून दरवर्षी तिची विवरणपत्रे भरत बसणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. दुसरी वाट ट्रेडमार्कची: कॅनडात नोंदवलेला ट्रेडमार्क असेल तर पुण्यातील व्यापाऱ्यालाही, इकडे पाऊल न टाकता, त्या चिन्हातील शब्द असलेले डॉट सीए घेता येते. कॅनडाचे नागरिकत्व घेऊन पुण्यात परतलेल्यालाही ते मिळते. इथे राहून कर भरणारा मीच तेवढा अपात्र!

शेवटी मी डॉट कॉमवर काम भागवले आणि पीआर, म्हणजे कायम रहिवास, हाती आल्यावर पुन्हा ती यादी उघडली. नाव अजून मोकळे होते. परंतु कायम रहिवाशाच्या व्याख्येत आणखी एक अट दडलेली असते: अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत त्याचे कॅनडातील वास्तव्य 183 दिवसांहून अधिक असले पाहिजे, आणि पुढेही प्रत्येक बारा महिन्यांत तसेच राहिले पाहिजे. नागरिकाला हा हिशेब लागू नाही. एका वेळी दहा वर्षांपर्यंतची नोंदणी करता येत होती. आईच्या आजारपणामुळे पुढच्या वर्षी भारतात किती महिने राहावे लागेल याचा अंदाज नसल्याने मी एकाच वर्षाचे पैसे भरले.