सोलापूरकरांनाही घाट असतो!

पुण्याचे पाहुणे म्हणतात, तुमच्याकडं नुसतं ऊन आणि माळरान. म्हणून आज आईला घेऊन सकाळी सातलाच निघालो. तामलवाडी मागं पडली, तुळजापूरचा घाट लागला आणि ढग खाली उतरले. सह्याद्रीएवढा नाही, पण बालाघाट आहे बरं का आपला. मध्ये एका ट्रकच्या मागं अडकलो, क्लचचा वास सुटला, आईचा 'आई राजा उदो उदो' सुरू!

दर्शन पटकन झालं. कवड्यांच्या माळेवर मात्र तिनं वीस रुपयांसाठी पंधरा मिनिटं घासाघीस केली.

मग नळदुर्ग. बोरी नदीवरचा दगडी बंधारा आणि त्याच्या पोटात पाणीमहाल, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. नर आणि मादी दोन्ही धबधबे सुटले होते. खोलीतल्या खिडकीशी उभं राहिलं की वरून पाणी समोर कोसळतं, आपण मात्र कोरडे. आईनं हळूच हात बाहेर काढला, बाहीपर्यंत भिजली आणि खुदकन हसली.

तिथंच कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. दही जरा आंबलेलं, चालायचंच.

घरी आल्यावर विचारते, "पुढच्या रविवारी कुठं?"