परकराची नाडी

सदाशिव पेठेतल्या आमच्या छातीविकार क्लिनिकला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत कोण किती थांबलं, कोण कठड्याला धरून उभं राहिलं, हे काउंटरवरून दिसतं. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकायला लावून फुफ्फुसातली हवा मोजायची चाचणी, करणाऱ्याला ते कामाला येतं.

नोव्हेंबरातल्या त्या थंड सकाळी काकू चार वेळा थांबल्या आणि जिन्यातच पंपाचे दोन पफ मारून वर आल्या. वय 52, उंची 154 सेंटिमीटर, वजन 86 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 36. दमा दहा वर्षांचा. तक्रार एकच, "औषध लागू पडत नाही." रोज आठ-दहा पफ होत होते. हात थरथरत होते, छाती धडधडत होती. हे दोन्ही त्याच पंपातल्या साल्ब्युटामॉल या औषधाचे परिणाम.

पफ मारून आलेल्या माणसाची चाचणी लगेच केली, तर औषधाआधीचा आकडा खोटा येतो. चार तास थांबवलं. काकू वैतागल्या, साहजिकच.

दुपारी बसवलं, नाकाला चिमटा लावला. पहिल्या फुंकीत एकूण हवा 1.80 लिटर. परकराची नाडी पोटात रुतलेली दिसत होती. म्हटलं, "काकू, नाडी सैल करून या." परत आल्यावर 2.05. यातलं नाडीमुळे किती वाढलं आणि सरावामुळे किती, हे वेगळं काढता येत नाही. पण घट्ट नाडीवर, पट्ट्यावर चाचणी करूच नये. फुंक हवा पूर्ण संपेपर्यंत, तीन नीट यायला हव्यात, आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या दोघींत 150 मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको.

पहिल्या सेकंदातली हवा 1.60 लिटर, एकूण हवेच्या 78 टक्के. दम्याने नळ्या आवळल्या असत्या तर हे प्रमाण घसरलं असतं. साल्ब्युटामॉलचे चार पफ स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या नळकांड्यातून) देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं. 1.70. वाढ 100 मिलिलिटर, जेमतेम 6 टक्के. ही हवा किमान 12 टक्के आणि 200 मिलिलिटर वाढली, तर औषधाने फरक पडला असं आपण धरतो. जुन्या फाइलमध्ये मात्र 1.30 वरून 1.62 झालेलं होतं. म्हणजे दमा खरा, पण आज धाप लागत होती ती मुख्यतः वजनाने.

पोटाची चरबी श्वासपटलाला वर ढकलते. श्वास सोडल्यावर फुफ्फुसात राहायला हवी तेवढी हवा राहत नाही, बारीक नळ्यांना बाहेरून मिळणारा ताण कमी होतो आणि त्या अरुंद होतात. उताणं झोपलं की आणखी. वर छातीची भिंत उचलायलाच जास्त कष्ट. यावर पंप काय करणार?

व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं. 300 मीटर झाले. रक्तातला ऑक्सिजन 97 टक्क्यांवरून 95, छातीत शिट्टी नाही, तरी धाप भरपूर. बसल्यावर तीन मिनिटांत पंपाशिवाय उतरली. चप्पल घालायला वाकलं तरी धाप लागते, हेही तेव्हाच बोलल्या. पहाटेचा खोकला, शिट्टी, धूळ-धुराने वाढणारा त्रास ही दम्याची चाल. जिना चढताना लागून बसल्यावर ओसरणारी धाप बहुधा वजनाची किंवा व्यायाम तुटल्याची. हृदय आणि रक्तातलं हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय मात्र तसं म्हणू नये. काकूंचं दोन्ही ठीक निघालं.

खरी गोम काकूंच्या पिशवीत सापडली. दम लागला की मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या. त्यांनी भूक वाढते, वजन वाढतं, धाप वाढते, मग पुन्हा गोळी. वर्षात 11 किलो वाढले होते. डॉक्टरांनी त्या एकदम तोडल्या नाहीत, टप्प्याटप्प्याने उतरवल्या. महिनोन्‌महिने घेतलेलं स्टेरॉइड अचानक थांबवणं धोक्याचं. मानेचा घेर 41 सेंटिमीटर आणि घोरणं, म्हणून झोपेत श्वास अडकतो का, ती तपासणीही लिहून दिली.

"मग दमा गेला का?" काकूंनी विचारलं.

"गेला नाही, आटोक्यात आहे. ओढायचं स्टेरॉइड रोज चालूच. आधी चार-पाच किलो उतरवू."

चालणं गच्चीवर, दोन मिनिटं चालून एक मिनिट थांबायचं, असं पाच वेळा. पर्वती टेकडी चढायचा विषय त्यांनीच काढला. म्हटलं, सध्या नको.