कृषी केंद्रातल्या जुन्या मॉनिटरची दुरुस्ती : माझा अनुभव

काकांच्या कृषी केंद्रातला जुना, काचेच्या पिक्चर ट्यूबचा १५ इंची मॉनिटर ऐन मृगाच्या तोंडावर बसला. दुकान दारव्ह्याकडच्या एका खेड्यात. पेरणीच्या दिवसांत सकाळपासून तिथे सरकीच्या पाकिटांसाठी आणि डीएपी खतासाठी गर्दी, आणि कोणाकडे किती उधारी ते सगळं त्या कॉम्प्युटरात. दुपारी मॉनिटर तापला की चित्र वरून-खालून चेपत जायचं आणि मधोमध एक लखलखीत आडवी रेषा उरायची. डोक्यावर थाप मारली की चित्र परत. थापेनं भागतं तोवर दुरुस्तीला कोण हात लावतो! पुढे थापही लागू पडेना, तेव्हा मला बोलावणं आलं. नवा एलसीडी घ्या म्हटलं तर काका म्हणाले, "ट्यूब चांगली हाय ना बाबू, मंग फेकाची कायले?"

रेषा दिसली की आधी ब्राइटनेस पार खाली करायचा. एरवी पडदाभर पसरणारा इलेक्ट्रॉनचा मारा एकाच पट्टीवर पडतो, आतला फॉस्फर (काचेवरचा उजेड देणारा थर) जळतो आणि पुढे चित्र आलं तरी तो डाग जात नाही. मग मी कॉम्प्युटरची केबल काढली. केबल नसली की असे मॉनिटर स्वतःच 'सिग्नल नाही' अशी चौकट दाखवतात. ती चौकटही रेषेतच चेपलेली होती. म्हणजे कॉम्प्युटर सुटला, दोष मॉनिटरचाच.

गावात एक जुने टीव्ही मेकॅनिक आहेत. दुकान केव्हाच बंद केलं, पण हत्यारं जपून ठेवलीत. त्यांनी फोनवर एकच विचारलं, "रेषा आडवी हाय का उभी?"

"आडवी."

"मंग एलओटी ठीक हाय. तिले हात नको लावू. व्हर्टिकल पाह्य."

त्या एका रेषेत खरंच बरंच कळतं. उजेड आहे म्हणजे ट्यूबला हाय व्होल्टेज मिळतंय; ते देतो एलओटी, म्हणजे लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर. रेषा डावीकडून उजवीकडे पूर्ण आहे म्हणजे किरण आडवा नेणारा भाग, हॉरिझाँटल, तोही धडधाकट. फक्त किरण वर-खाली नेणारा भाग, व्हर्टिकल, झोपलाय. नाहीतर लोक आधी एलओटीच बदलायला घेतात.

मागचं कव्हर काढायच्या आधी मेकॅनिककाका स्वतः येऊन बसले, ते बरं झालं. रंगीत ट्यूबच्या रबरी टोपीखाली २० ते २५ हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही चार्ज राहतो. "टोपीले हात लावशीन तं भिताडावर जाऊन पडशीन," एवढं बोलून त्यांनी वायरचं एक टोक ट्यूबभोवतीच्या उघड्या अर्थच्या जाळीला चिमटवलं, दुसरं लांब पेचकसाला, आणि एक हात पाठीमागे ठेवून पेचकस टोपीखाली सरकवला. चट्ट! थोडं थांबून पुन्हा एकदा, कारण काचेतला उरलेला चार्ज हळूहळू परत वर येतो. पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) ३०० च्या वर व्होल्ट धरून असतो, तो बल्ब लावून रिकामा केला. ट्यूबची मान मात्र कोणी धरू नये. ती तुटली की आत हवा शिरून ट्यूब संपलीच.

आत धुळीचा थर, कापसाचे तंतू आणि पालीची अंडी. ब्रशनं झाडून बोर्ड उलटा केला. हीट सिंकला, म्हणजे उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पट्टीला, चिकटलेली व्हर्टिकलची आयसी (चिप) सापडायला वेळ लागला नाही. काकांच्या गल्ल्यात मावा-तुडतुडे पाहायचं भिंग असतं, तेच घेतलं. आयसीच्या दोन पायांभोवती केसाएवढी गोल चीर दिसली, जणू पाय कथिलात सैल रोवला असावा. रोज तापणं, रोज थंड होणं, त्यात आमचा ४४-४५ अंशांचा मे महिना; सोल्डर सुटतं ते असं. जुनं कथिल पंपानं ओढून काढलं, पाय खरवडले, पेस्ट लावून नवं भरलं. योकच्या (ट्यूबच्या मानेवरच्या, किरण वळवणाऱ्या कॉइलच्या) कनेक्टरचे सांधेही त्याच झपाट्यात. मध्येच लाइन गेली आणि आयर्न थंडा, चहा झाला.

सुरू करताना १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे मॉनिटरची वीज त्या बल्बातूनच जाईल असा. क्षणभर पेटून मंद झाला, म्हणजे शॉर्ट नाही. पडदा भरला! पण वरच्या काही ओळी एकमेकींवर दुमडलेल्या, धोतराच्या निऱ्यांसारख्या.

आयसीचा नंबर भिंगानं वाचून मोबाइलवर डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, काढली. किरण तळाला पोचला की सेकंदाला ६० ते ८५ वेळा झटकन वर परतावा लागतो. त्या परतीपुरतं आयसीला जवळजवळ दुप्पट व्होल्टेज हवं असतं, आणि ते देतो शेजारचा एक १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. आमचा होता हीट सिंकला अगदी खेटून, आतून वाळलेला. परती मंदावली की वरच्या ओळी दुमडतात. मेकॅनिककाकांच्या डब्यात त्या मापाचे जुने पुष्कळ होते, पण वापरलेला लावणं मला पटलं नाही. यवतमाळहून नवा मागवला, ८५ ऐवजी १०५ अंशांपर्यंत तापमान सोसणारा. किंमत कटिंग चहाएवढी. त्याच्या अंगावरची उणे बाजूची पट्टी तपासून बसवला आणि निऱ्या गेल्या.

उंची समोरच्या मेन्यूतून थोडी वाढवली. रिफ्रेश, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्यानं उमटतं ते, ६० वरून ७५ केला, ट्यूबलाइटखाली डोळ्यांना टोचत होतं. स्पीकर चिकटून ठेवल्यानं कोपऱ्यात हिरवट डाग पडला होता. स्पीकर हलवून डीगॉस दिलं, म्हणजे ट्यूबला चढलेलं चुंबकत्व मेन्यूतून घालवलं, डाग गेला. मॉनिटरवरचं भरतकामाचं कव्हर काढून टाकलं, ते मागच्या झरोक्यांवर यायचं. काकूंना ते आवडलं नाही. कडेची अक्षरं अजून जरा पुसट दिसतात. फोकसचा नॉब एलओटीवर आहे. पण मधलं ठीक वाचता येतं आणि उधारीचे आकडे मधल्या रकान्यातच येतात, म्हणून तो तसाच राहू दिला.