किल्ली ड्रॉवरमध्ये होती

कामावरच्या गोदामातून माल चोरीला गेला आणि चारच दिवसांत माझ्या हातात पोलिसांची नोटीस पडली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे पोलीस तपास आणि अटकेचे नियम सांगणाऱ्या कायद्याचं कलम 35(3), चौकशीला हजर राहा. आईच्या लेखी नोटीस म्हणजे अटकच. ती रडायला लागली. तसं नसतं. अटकेची गरज नसेल तेव्हाच ही नोटीस देतात, आणि सांगितल्याप्रमाणे हजर राहणाऱ्याला लेखी कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. म्हणून मी वेळेआधीच जाऊन बसलो, नोटिशीची झेरॉक्स खिशात ठेवून.

आदल्या संध्याकाळी वकील मॅडमनी बजावलं होतं, "खरं तेच बोला. ज्या उत्तराने तुम्हीच गुन्ह्यात अडकाल ते द्यायचं बंधन तुमच्यावर नाही. आणि जबाबावर सही करू नका."

चौकशी तीन तास चालली. अंगाला कोणी हात लावला नाही, आवाज मात्र चढत गेला. "कबूल कर, लगेच घरी जाशील." पाचव्या-सहाव्या वेळी ते खरं वाटायला लागतं. निरपराध माणूस कबुली का देतो, हा प्रश्न मला त्या दिवसापासून पडलेला नाही.

मग जबाब समोर आला. मी सांगितलं होतं, "किल्ली ड्रॉवरमध्ये असायची." कागदावर होतं, "किल्ली माझ्या ताब्यात असायची." एवढ्याशा बदलाने गोदाम उघडणारा मीच ठरत होतो. हवालदारांनी पेन पुढे केलं. हात थरथरत होता, तरी म्हणालो, "साहेब, सुरक्षा संहितेच्या कलम 181 प्रमाणे यावर सही घेत नाहीत. आणि 'ताब्यात' असं मी म्हटलेलं नाही." तपासी अंमलदारांनी कागद ओढून घेतला, वाचला आणि वाक्य बदलायला लावलं. त्यांचे मी मनापासून आभार मानतो.

बाहेर आल्यावर मॅडमना विचारलं, कबूल केलं असतं तर? पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, त्या म्हणाल्या. 1872 च्या पुरावा कायद्यात ते कलम 25 होतं, 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 23. कबुली नोंदवायची ती न्यायदंडाधिकाऱ्यांनी, तीही आधी समज देऊन : तुमच्यावर बंधन नाही, आणि दिलीत तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. पण एक फट आहे. कोठडीतल्या आरोपीने माल कुठे आहे ते सांगितलं आणि तो तिथेच सापडला, तर त्या शोधाशी संबंधित तेवढं बोलणं पुराव्यात येतं. पंचांसमोर निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपीच्या त्या सांगण्याची लेखी नोंद, करतात तो यासाठीच.

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मी कोठडीत नव्हतो, पण "माल कुठे असेल, एवढं तरी सांग" असं आत विचारलं होतं, आणि सुटका व्हावी म्हणून मागच्या शेडचं नाव निव्वळ अंदाजाने माझ्या ओठांवर आलं होतं.

पुढे आणखी दोनदा हजेरी लावली. दोषारोपपत्र दाखल झालं तेव्हा माझं नाव साक्षीदारांच्या यादीत होतं. मॅडमनी नक्कल काढली. मी सगळ्यात आधी ते किल्लीचं वाक्य शोधलं.